न वाचलेल्या पुस्तकाची साक्ष

आमच्या उर्दू शाळेत रोज सकाळी दुआ झाली की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक 'अक्वाल-ए-जर्रीं' लिहायचे असते. मराठी शाळांत ज्याला सुविचार म्हणतात तेच हे; शब्दशः अर्थ सोनेरी वचने. गेली कित्येक वर्षे मी ती लिहीत आले आहे. आधी एका पाने सुटलेल्या जुन्या पुस्तिकेतून आणि नंतर मोबाईलवरून. वचनाखाली नाव लिहायचे. हजरत अली, शेख सादी, इमाम गजाली, अल्लामा इक्बाल, अब्दुल कलाम आणि मधूनच एखादे वेळी शेक्सपिअर. नाव जितके मोठे तितका वर्ग लवकर शांत होतो, असा माझा अनुभव आहे.

एके दिवशी नववीतली एक मुलगी वहीचे फाडलेले पान घेऊन आली. पानावर वीस पुस्तकांची नावे होती आणि प्रत्येक नावाखाली त्या पुस्तकातले म्हणून एकेक वाक्य. ही पुस्तके आयुष्यात एकदा तरी वाचाच, असे वर ठळक अक्षरांत लिहिलेले. सुंदर वाक्यांच्या शौकिनांनी मोबाईलवरून एकमेकांना पाठवलेली ही यादी. घरातला मोबाईल भावाचा होता आणि तो थोडाच वेळ हाती येई, म्हणून तिने ती सगळी हाताने उतरवून घेतली होती. "टीचर, इसमें से पहले कौनसी पढूँ?" तिने विचारले.

यादी मी ओळखली. चारच दिवसांपूर्वी तीच यादी मी स्वतः तीन ठिकाणी पाठवली होती, वर 'जरूर वाचा' असे दोन शब्द जोडून. त्या वीस पुस्तकांपैकी मी वाचलेली पुस्तके होती तीन, आणि त्यातलेही एक अर्धे. उरलेल्या सतरा पुस्तकांविषयी मला जे माहीत होते ते त्या मुलीलाही माहीत होते. एकेक वाक्य. तेवढ्याच भांडवलावर मी तीन घरांना सांगून मोकळी झाले होते की ही पुस्तके चांगली आहेत, वेळ खर्च करा, पैसे खर्च करा, वाचा.

त्या दिवसापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे. पुस्तक सुचवणे ही एक प्रकारची साक्ष आहे का? आणि असेल, तर न वाचलेल्या पुस्तकाची साक्ष देणे याला काय म्हणायचे?

हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकला असेल. एका माणसाच्या चांगुलपणाची ग्वाही द्यायला दुसरा एक जण उभा राहिला. हजरत उमर यांनी त्याला विचारले, तू त्याचा शेजारी आहेस का, की त्याचे जाणेयेणे तुला ठाऊक असेल? नाही. त्याच्याशी पैशाचा व्यवहार केलास का? नाही. त्याच्याबरोबर प्रवास केलास का? तेही नाही. मग तू त्याला ओळखत नाहीस, असे हजरत उमर म्हणाले. मशिदीत त्याचे डोके खाली-वर होताना पाहिलेस, एवढेच ना!

मशिदीत डोके खाली-वर होताना पाहणे आणि पुस्तकातले एक वाक्य वाचणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. तो माणूस खरोखरच नमाज पढत होता. ते वाक्य खरोखरच सुंदर असते. पण मशिदीत प्रत्येक जण नीटनेटकाच दिसतो, आणि वाक्य निवडणाराही पुस्तकातले सर्वांत नीटनेटके वाक्य उचलतो. तीनशे पानांच्या पुस्तकाला त्याच्या एका वाक्यावरून ओळखणे म्हणजे माणसाला ईदच्या दिवशीच्या कपड्यांवरून ओळखणे. पुस्तकाबरोबर प्रवास करावा लागतो. मधल्या कंटाळवाण्या पन्नास पानांत ते कसे वागते ते पाहावे लागते. लेखक आपल्याशी प्रामाणिक आहे की गोड बोलून खिसा कापतो आहे, हे व्यवहार केल्याशिवाय कळत नाही.

शिक्षकांच्या खोलीत मी हे बोलले तेव्हा एक सहकारी हसल्या. एवढ्याशा गोष्टीचा एवढा विचार कशाला, म्हणाल्या. कुणी विष तर नाही ना वाटत? पुस्तकाचे नाव पोहोचले, हे काय कमी आहे?

हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. प्येर बायार नावाच्या एका फ्रेंच प्राध्यापकाने न वाचलेल्या पुस्तकांविषयी कसे बोलावे, या विषयावर २००७ साली एक पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की जगातली सगळी पुस्तके कुणीच वाचू शकत नाही, तेव्हा एखादे पुस्तक इतर पुस्तकांच्या मध्ये कुठे बसते हे ठाऊक असणेसुद्धा एक प्रकारचे ज्ञानच आहे. (हे पुस्तक मी पूर्ण वाचलेले नाही, इतके कबूल करून पुढे जाते.) आणि फ्रान्सला तरी कशाला जायचे? इल्म वाहून नेणारा पुष्कळदा ते आपल्यापेक्षा अधिक समजदार माणसापर्यंत पोहोचवतो, या अर्थाची हदीस आपल्याकडे आहेच. निरोप्याला निरोप समजलाच पाहिजे असे नाही. पोस्टमन पत्र वाचत नाही, म्हणून त्याने ते टाकू नये असे कोण म्हणेल?

पण पोस्टमन पत्रावर 'जरूर वाचा' असे लिहीत नाही. पत्ताही तो स्वतःच्या मनाने घालत नाही. माझी अडचण इथे सुरू होते. इल्म वाहून नेणाऱ्याचे कौतुक असलेली हदीस ज्या परंपरेने जपली, त्याच परंपरेने वाहून नेणाऱ्यावर कमालीच्या कडक अटी घातल्या. तू हे कुणाकडून ऐकलेस? त्याने कुणाकडून? तो तुला भेटला होता का? त्याची स्मरणशक्ती कशी होती? व्यवहारात खोटे बोलत होता का? प्रत्येक रावीची अशी झडती घेणारे अस्मा-उर-रिजाल हे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. इमाम बुखारी (हिजरी १९४-२५६) यांनी सहा लाख रिवायतींमधून निवड केली असे सांगितले जाते, आणि 'सहीह'मध्ये आल्या त्या पुनरुक्ती धरून सुमारे सात हजार. बाकी सगळ्या वाईट होत्या असे नव्हे. पुष्कळांतला मजकूर अतिशय सुंदर असेल. मजकूर सुंदर आहे म्हणून ती रिवायत खरी, हा युक्तिवाद त्यांनी मानला नाही, एवढेच.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची गोष्ट. एक हदीस त्यांच्या कानावर आली होती. ती स्वतः पैगंबरांकडून (स.) ऐकलेले अब्दुल्लाह बिन उनैस तेव्हा शाम देशात होते. जाबिर यांनी उंट विकत घेतला, त्यावर सामान बांधले आणि एक महिन्याचा प्रवास करून त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. एका हदीसीसाठी. आणि ती माहीत नव्हती असेही नाही, ऐकलेली होतीच. पण ज्याने ती प्रत्यक्ष ऐकली त्याच्या तोंडून ती ऐकायची होती. माणसांच्या एकमेकांवरच्या हक्कांचा कयामतच्या दिवशी कसा हिशेब होईल, याविषयीची ती हदीस होती. आपण दिवसाला अशी पाच-पंचवीस वाक्ये अंगठ्याने पुढे ढकलतो. उंटाचे भाडेही पडत नाही.

इथे कुणी म्हणेल की हदीसीची गोष्ट वेगळी. तिच्यावर दीन उभा आहे. कादंबऱ्यांना आणि शेरांना तोच निकष कशाला? हेही खरे आहे. शिवाय उर्दूवाल्यांना तर तुकड्याची सवय जन्मापासून असते. गझलेचा शेर स्वतःत पूर्ण असतो. वरच्या शेराशी त्याचे नाते असलेच पाहिजे असा नियम नाही. बैतबाजीत आमची मुले शेराच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शेर म्हणतात तेव्हा कोणी दीवान उघडून बसत नाही. माझ्या अब्बांची एक बयाज होती, म्हणजे आवडलेले शेर उतरवून ठेवण्याची वही. लाल रेघांची, हिशेबाच्या वहीसारखी लांबट. सगळे आयुष्य त्यांनी शेर तुकड्यांतच वाचले. दीवान विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांच्यापुढे मी पुस्तकाच्या पूर्ण वाचनाची प्रवचने झोडली असती तर ते मिशीतल्या मिशीत हसले असते.

पण ती बयाज मी परवा पुन्हा काढून पाहिली. प्रत्येक शेराखाली बारीक अक्षरांत नोंद आहे. अमक्या मुशायऱ्यात ऐकला. रेडिओवर. अमक्या मास्तरांनी सांगितला, शायराचे नाव त्यांनाही आठवले नाही. आणि जिथे काहीच ठाऊक नाही तिथे स्वच्छ लिहिले आहे, 'नामालूम'. सातवी शिकलेल्या माणसाच्या वहीत सनद होती. बी.एड. झालेल्या त्यांच्या मुलीच्या फळ्यावर ती नव्हती.

'नामालूम' हा शब्द आता नाहीसा होत चालला आहे, कारण नाव नसलेले वाक्य पुढे जात नाही. चेहऱ्यावरची धूळ आणि आरसा यांच्याविषयीचा एक शेर सगळ्यांना पाठ आहे आणि तो गालिबचा आहे असे सगळ्यांना वाटते. १८४१ मध्ये पहिल्यांदा छापलेला गालिबचा दीवान काही फार जाड नाही. कुणीही चार संध्याकाळी चाळून खात्री करून घ्यावी. तो शेर त्यात नाही. २०१९ मध्ये तो राज्यसभेतही गालिबच्या नावाने ऐकवला गेला, आणि तो गालिबचा नाही, इतकेच काय, धड वजनातही नाही, हे जावेद अख्तर यांना सांगावे लागले. 'सरफरोशी'ची गझल बिस्मिल अजीमाबादी यांची. ती हुतात्मा रामप्रसाद बिस्मिल यांच्या ओठांवर होती आणि त्यांच्यामुळे ती देशभर गेली. पण मूळ शायर अजीमाबादचा, म्हणजे पाटण्याचा, हे किती जणांना माहीत असते? रूमींची इंग्रजी वाक्ये तर चहाच्या कपांवरही येऊन बसली. त्यांतली बरीचशी कोलमन बार्क्स या अमेरिकन कवीच्या १९९५ सालच्या गाजलेल्या पुस्तकातून आणि त्याच्या अशाच इतर रूपांतरांतून आलेली. बार्क्स यांना फारसी येत नव्हती. आधीच्या इंग्रजी भाषांतरांवरून त्यांनी ती रचना केली. वाईट केली असे मी म्हणत नाही. पण सहा दफ्तरांच्या, पंचवीस हजारांच्या आसपास शेर असलेल्या मसनवीत ठायी ठायी कुरआन आणि हदीस आहे. कपावर येईपर्यंत ते सगळे गाळले गेले होते.

शेर तुकड्यातही जगतो. कादंबरीतले वाक्य जगत नाही, हे मला त्या वीस पुस्तकांच्या यादीतल्या पहिल्याच पुस्तकाने शिकवले. पाउलो कोएलो यांची 'द अल्केमिस्ट'. मूळ पोर्तुगीज, १९८८ सालची. मराठीतही आली आहे. यादीत तिच्या नावाखाली ते जगप्रसिद्ध वाक्य होते, मनापासून एखादी गोष्ट मागितली तर सारी सृष्टी ती मिळवून द्यायला कामाला लागते अशा अर्थाचे. २००७ च्या 'ओम शांती ओम'मध्ये शाहरुख खानच्या तोंडी याच आशयाचा संवाद आहे, त्यामुळे ते आमच्या मोहल्ल्यातल्या रिक्षांच्या मागेही पोहोचले. वाक्य मला फार आवडायचे. दहावीच्या निरोपसमारंभात मी ते दोनदा तरी वापरले आहे.

मुलीने विचारल्यावर लाजेकाजेस्तव मी ते पुस्तक आणून वाचले. वाक्य सापडले. ते लेखक बोलत नाही. एक गूढ म्हातारा राजा स्पेनमधल्या एका मेंढपाळ पोराला ते सांगतो, आणि सांगण्याच्या बदल्यात त्याच्या मेंढ्यांचा दहावा हिस्सा घेतो. पोरगा उरलेल्या मेंढ्या विकून समुद्र ओलांडतो, टँजिअरला उतरतो आणि पहिल्याच दिवशी एक लफंगा त्याचे सगळे पैसे घेऊन पसार होतो. म्हणजे त्या वाक्याची पहिली परीक्षा लगेच होते आणि सृष्टी काही मदतीला धावत नाही. पोरगा बाजारात बसून रडतो. मग त्याला एका काचसामानाच्या दुकानात काम मिळते, आणि तिथे जवळजवळ वर्ष जाते.

तो दुकानदार मुसलमान आहे. चढावरचे दुकान, गिऱ्हाईक कमी झालेले. दीनचे बाकी फर्ज त्याने पाळले आहेत, राहिला आहे तो फक्त हज. तरुणपणी ठरवले होते की थोडे पैसे जमले की जायचे. पैसे जमले तेव्हा दुकान कुणाच्या भरवशावर सोडायचे, असा प्रश्न आला. आता पोराच्या मेहनतीने दुकान चांगले चालू लागले, तरी तो जात नाही. कारण तो स्वतःच सांगतो. मक्केचे स्वप्न आहे म्हणून मी रोज सकाळी उठतो. ते पुरे झाले तर जगायला काय उरेल, याची मला भीती वाटते.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. सृष्टी मदतीला येते म्हणणारे वाक्य ज्या पुस्तकात आहे, त्याच पुस्तकात हा माणूस आहे. त्याला मनापासून हवे आहे, सृष्टीही शेवटी अनुकूल होते, तरी तो उठत नाही. लेखक त्याची टवाळी करत नाही. पोरगाही त्याच्याकडून दुआ घेऊन निघतो. तो दुकानदार त्या वाक्याचे उत्तर आहे, की त्या वाक्यावरचा प्रश्न? मला अजून ठरवता आलेले नाही. पण वाक्यांच्या एकाही यादीत मला तो भेटला नव्हता. आणि शेवटी खजिन्याची जी उलटापालट आहे, म्हणजे परदेशात मार खाताना मारणाऱ्याच्याच तोंडून कळते की खजिना आपल्याच घरच्या मुलखात पुरलेला आहे, ती तर मसनवीच्या सहाव्या दफ्तरातली बगदाद आणि मिस्रची गोष्ट. 'अलिफ लैला'तही ती आहे. यादीने सांगितले असते तर आमच्या मुलांना कळले असते की ब्राझीलच्या लेखकाने सात-आठशे वर्षांचे आपलेच पाणी परत आणून पाजले आहे.

मग मी विचार करू लागले, की समजा पुस्तकात ते वाक्यच नसते, तर? कुणीतरी रचून ते त्या लेखकाच्या नावावर खपवले असते आणि त्या वाक्यामुळे एखादी मुलगी उमेदीने अभ्यासाला लागली असती, तर ते पाप की पुण्य?

ही निव्वळ कल्पना नाही. हिजरीच्या दुसऱ्या शतकात मर्व शहरात नूह बिन अबी मरियम नावाचे काजी होते. विद्वान माणूस. कुरआनच्या एकेका सूरहच्या फजीलतीच्या हदीसी ते सांगत. विचारल्यावर त्यांनी कबूल केले की त्या आपणच रचल्या. कारण? लोक अबू हनीफांच्या फिकहमध्ये आणि इब्न इसहाकच्या लढायांच्या इतिहासात गुंतून कुरआनकडे पाठ फिरवू लागले होते, त्यांना परत आणावे म्हणून. हेतू पाहा! कुरआनकडे माणसे वळावीत. आणि तरीही मुहद्दिसांनी त्यांना माफ केले नाही. त्यांचे नाव आजही पुस्तकांत येते ते खोट्या हदीसींचे उदाहरण म्हणून.

आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या हिरव्या अक्षरांत एक हदीस रंगवलेली होती, चीनपर्यंतचा उल्लेख असलेली. वाचकांना कुठली ते सांगायला नको. बहुतेक उर्दू शाळांच्या भिंतींवर ती आहे. इमाम बैहकी यांनी तिच्या सगळ्या सनदी कमजोर ठरवल्या आहेत आणि इब्न जौजी यांनी तर तिला बनावट हदीसींच्या संग्रहात टाकले आहे. मागच्या उन्हाळी सुट्टीत रंगारी आला तेव्हा मी हे शिक्षकांच्या बैठकीत काढले. एका ज्येष्ठ सरांनी फार शांतपणे उत्तर दिले. या भिंतीकडे बोट दाखवून मी चार बापांना मुलींना अकरावीला घालायला लावले आहे. उद्या तुम्ही म्हणाल ती कमजोर, परवा मुले म्हणतील सगळ्याच कमजोर.

त्यांच्या चार मुलींपुढे माझे पुस्तकी ज्ञान फिके पडले, हे मान्य करते. तरीही मला वाटते, मुहद्दिसांना ही भीती नव्हती का? खोटे वेगळे काढले तर खऱ्यावरचाही विश्वास उडेल, असे त्यांना वाटू शकले असते. त्यांनी उलटे मानले. खोटे वेगळे काढण्याची हिंमत होती म्हणूनच उरलेल्यावर विश्वास बसला. शेवटी वाक्य भिंतीवर राहिले. खाली 'हदीस' असे होते, तिथे आता 'कहावत' असे आहे. ज्येष्ठ सर नाराज आहेत, आणि मीही पूर्ण समाधानी नाही.

आपल्या समाजापुरती ही गोष्ट किती महागात पडू शकते, ते २०२५ च्या जानेवारीत दिसले. फातिमा शेख यांच्याविषयी मला आदर आहे, हे वेगळे सांगायला नको. दर ९ जानेवारीला त्यांची जयंती म्हणून चित्रे येतात आणि चित्राखाली त्यांचे म्हणून एखादे तेजस्वी वाक्य असते. मीही ते फळ्यावर लिहिले आहे. फातिमाबींनी स्वतः लिहिलेले एक वाक्यही आपल्यापर्यंत आलेले नाही. ज्या बाईने मुलींच्या हाती पाटी-पेन्सिल दिली, तिचा स्वतःचा शब्द उरला नाही, ही दुःखाची गोष्ट आहे. त्या दुःखापोटीच कुणीतरी प्रेमाने तिच्या तोंडी शब्द घातले असतील. पण त्या जानेवारीत एका पत्रकाराने जाहीर केले की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, अशी कुणी बाई नव्हतीच. त्या दिवशी ती सुंदर वाक्ये काय कामाची होती? उलट, वाक्ये बनावट, जयंतीला आधार नाही, तेव्हा बाईही बनावट, असे म्हणायला ती सोयीची ठरली. उत्तर सापडले ते सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात. माहेरी आजारी असताना, फातिमावर कामाचा भार पडत असेल पण ती कुरकुरणार नाही, अशा अर्थाचा साधा घरगुती उल्लेख. ना तेज, ना घोषणा. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात तो कुणालाही वाचता येतो. ज्यांनी ते पुस्तक उघडलेले होते ते त्या दिवशी उभे राहिले. माझ्यासारख्या, फळ्यावर वाक्य लिहिणाऱ्या, गप्प बसल्या.

आणि पुस्तक न उघडण्याचा हा रोग मोबाईलनेच आणला असेही मी म्हणणार नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची 'अविंध' हा शब्द असलेली ती एक ओळ आपल्या साहित्यसभांतून, व्याख्यानांतून, अध्यक्षीय भाषणांतून किती वर्षे ऐकतो आहोत! मराठीशी आपले नाते किती जुने, हे सांगायला ती हाताशी असते. तिच्या जोरावर आपण 'योगसंग्राम' वाचण्याची शिफारसही करतो. सतराव्या शतकातला हा ओवीबद्ध ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत वाचला आहे? मी वाचलेला नाही. दोन अध्याय वाचून अडले. भाषा जड गेली. शेख महंमदांना आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो, एक वाक्य बोलून घेतो आणि खाली उतरवतो. त्यांना आणखी काय म्हणायचे होते, हे विचारायला कुणी थांबत नाही.

त्या मुलीकडे परत येते. मी तिला सांगून टाकले की वीसपैकी अडीच पुस्तकेच मी वाचली आहेत आणि त्यातले अमुक मला आवडले नाही. तिला आश्चर्य वाटले, थोडी गंमतही वाटली असावी. तरी तिने 'अल्केमिस्ट'च निवडली, त्या वाक्यासाठी. शहरातल्या वाचनालयातून मराठी प्रत मी काढून दिली. तिचे मराठी बेताचे, त्यामुळे तीन आठवडे लागले. परत आली तेव्हा म्हणाली, वाक्य सापडले, पण पुस्तकात ते तितके मोठे वाटले नाही. आवडला तो काचेचा दुकानदार. तो माझ्या नानांसारखा आहे.

नानांनी पत्र्याच्या डब्यात हजसाठी पैसे जमवायला कितीतरी वर्षांपूर्वी सुरुवात केली होती. एकदा ते मावशीच्या लग्नात गेले, एकदा छपरात. आता मामा कमावतो, चला म्हणतो, तर नाना म्हणतात पुढच्या वर्षी. दर वर्षी म्हणतात.

"टीचर, त्यांना मराठी वाचता येत नाही. मी तेवढा भाग वाचून दाखवू का?" आणि मी काही बोलायच्या आत तिनेच पुढे विचारले, "पण त्यांना वाईट वाटलं तर?"

मी तिला सांगितले की मला माहीत नाही. पुस्तक तू वाचले आहेस आणि नानांना तू ओळखतेस. ती थोडा वेळ पुस्तक हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, अजून एक आठवडा राहू द्या माझ्याकडे. मी वाचनालयात जाऊन तारीख वाढवून आणली.